गोन्सालोच्या वाटेने नागासाकीत

४ फेब्रुवारी १५९७ची रात्र. ओमुराच्या आखातात तोगित्सु गावाच्या किनाऱ्याशी होड्या येऊन थांबल्या होत्या. त्यांत सव्वीस कैदी होते. ऐन थंडीतली ती रात्र त्यांनी होड्यांतच काढली. सकाळी त्यांना उतरवून नागासाकीकडे चालवत नेलं आणि त्याच दिवशी शहराच्या वेशीवर, निशिझाकाच्या टेकडीवर, ओळीने क्रूसांना बांधून भाल्यांनी भोसकलं. त्यांतले वीस जपानी होते, चार स्पेनचे, एक मेक्सिकोचा आणि एक आमच्या वसईचा.

संत गोन्सालो गार्सिया हे नाव माहीत नसलेला ख्रिस्ती माणूस वसईत सापडणार नाही. गासच्या चर्चला त्यांचं नाव आहे, कॉलेजला आहे. किल्ल्यात दरवर्षी त्यांचा सण होतो, तेव्हा गावोगावची माणसं ठेवणीतले कपडे घालून पडक्या भिंतींमधून मिस्सेला जातात. तरीही आम्हाला वेदीवरचा पुतळा जितका ओळखीचा आहे, तितका तो माणूस नाही. १५५६-५७च्या सुमारास वसईत जन्म. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. मुलगा किल्ल्यातल्या जेझुइटांकडे शिकला आणि पंधरा-सोळाव्या वर्षी त्यांच्याबरोबर जपानला गेला. तिथली भाषा त्याने अशी उचलली की पुढे तीच त्याची ओळख झाली. काही वर्षं धर्मशिक्षक म्हणून काम केलं. जेझुइट संघात जायची इच्छा होती, पण त्याला घेतलं नाही. मग व्यापारात पडला, चांगला पैसा कमावला, आणि तो सगळा सोडून मनिलाला फ्रान्सिस्कन संघात साधा ब्रदर झाला. १५९३मध्ये पेद्रो बाउतिस्ता हे फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरचे वकील म्हणून जपानला निघाले, तेव्हा दुभाषी म्हणून ब्रदर गोन्सालो सोबत होते. जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी, त्याच्यासमोर उभं राहून बोलणारा हा वसईकर. १६२७मध्ये त्यांना धन्यवादित आणि १८६२मध्ये संत घोषित करण्यात आलं. ज्याला जेझुइटांनी घेतलं नाही आणि जो धर्मगुरूही नव्हता, त्या माणसाच्या वाटेने चालायचं म्हणून आम्ही वसईकडची काही मंडळी फेब्रुवारीत नागासाकीला गेलो.

तोगित्सुच्या बंदरावर ते उतरल्याची खूण म्हणून एक शिलालेख आहे. तिथून निशिझाका साधारण १२ किलोमीटर. वाट आता शहरातूनच जाते. एका बाजूला गाड्या, दुसऱ्या बाजूला टेकडीवर चढत गेलेली घरं, मध्येच गरम कॉफीचे डबे देणारं यंत्र. आमच्या फादरांनी नियम साधे ठेवले होते. पहिला तास कोणी बोलायचं नाही. मग जपमाळ. मग प्रत्येकाने आपण कोणाच्या नावाने चालतोय ते सांगायचं. आमच्यातल्या एका काकूंनी नवऱ्याचं नाव घेतलं, एकाने मुलाचं. नागासाकीत सेवा करणाऱ्या एक भारतीय सिस्टर बरोबर होत्या. त्यांनी लुई इबाराकीचं नाव घेतलं, आणि मग चालता चालता त्या पोराची गोष्ट सांगितली.

लुई बारा वर्षांचा होता. सव्विसांत तीन मुलगे होते: लुई, तेरा वर्षांचा आंतोनिओ आणि चौदा वर्षांचा तोमास कोझाकी. क्योटोला सगळ्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला, गाड्यांवर बसवून त्यांची क्योटो, ओसाका, साकाई या शहरांतून धिंड काढली आणि मग भर हिवाळ्यात जवळजवळ महिनाभर नागासाकीपर्यंत चालवत आणलं. निघाले तेव्हा ते चोवीस होते. वाटेत त्यांची सेवा करायला आलेल्या दोघांनाही शिपायांनी कैद्यांत धरलं आणि आकडा सव्वीस झाला. तोमासने वाटेत आईला पत्र लिहिलं. ते तिच्या हाती पोचवायला कोणी मिळालं नाही. तोमासचे वडील मिगेलही त्या सव्विसांत होते. ते पत्र नंतर वडिलांच्या कपड्यांत सापडलं, रक्ताने भरलेलं. लुईबद्दल अशी नोंद आहे की टेकडीवर पोचल्यावर त्याने विचारलं, माझा क्रूस कोणता, आणि दाखवल्यावर धावत तिकडे गेला. सिस्टर एवढं सांगून गप्प झाल्या. काकू म्हणाल्या, "बारा वर्षांचं लेकरू, सिस्टर. त्याच्या आईचं काय झालं असेल?" त्यावर कोणी काही बोललं नाही.

हे सगळं आपल्यापर्यंत पोचलं ते मुख्यतः लुईश फ्रॉइश या पोर्तुगीज जेझुइटामुळे. तो गोव्यात शिकला होता, गोव्यातच त्याला गुरुदीक्षा मिळाली. जपानमध्ये तीसहून अधिक वर्षं राहिला. नागासाकीत त्याने या मृत्यूंचा वृत्तांत लिहून काढला आणि त्याच वर्षी जुलैत तिथेच वारला. निशिझाकाला त्याच्याही नावाचं स्मारक आहे.

निशिझाका म्हणजे आज नागासाकी स्टेशनपासून पाच मिनिटांच्या अंतरावरची छोटी बाग. १५९७मध्ये हे गव्हाचं शेत होतं. गुन्हेगारांना मारायची नेहमीची जागा सोडून ही निवडावी, अशी विनंती तिथल्या पोर्तुगीजांनी केली होती. समोर समुद्र दिसे. आता इमारती दिसतात. बागेच्या कडेने दगडी भिंतीवर सव्वीस जणांच्या ब्राँझच्या आकृती आहेत, शिल्पकार फुनाकोशी यासुताके यांनी घडवलेल्या. संतपदाला शंभर वर्षं झाली त्या वर्षी, १९६२मध्ये, हे स्मारक आणि मागचं संग्रहालय उभं राहिलं. मी पायांकडे पाहत राहिलो. सगळ्यांचे पाय मोकळे लोंबताहेत, बोटं खाली. जमीन सुटलेली आहे. मुलांचे पुतळे बाकीच्यांहून आखूड आहेत. ओळीकडे दुरून पाहिलं की त्या ठिकाणी वरची रेघ खाली येते.

गोन्सालोंची आकृती सापडल्यावर आमच्या मंडळींनी काय केलं ते सांगायला हवं, कारण तिथे मला पहिल्यांदा अडखळायला झालं. आम्ही फोटो काढले, गाणं म्हटलं, वसईचा म्हणून छाती फुगली. ते स्वाभाविक होतं. मग फादर म्हणाले, "आता हिदेयोशीसाठी प्रार्थना करू." काही चेहरे बदलले.

या सव्विसांना मारायचा हुकूम हिदेयोशीचाच. तो क्रूर होता, यात वाद नाही. पण त्याला कशाची भीती वाटली तेही वसईच्या माणसाने विसरू नये. १५९६मध्ये सान फेलिपे नावाचं स्पॅनिश जहाज तोसाच्या किनाऱ्याला लागलं. माल जप्त झाला. तेव्हा जहाजावरच्या खलाशाने स्पेनच्या साम्राज्याची बढाई मारताना सांगितलं की आधी धर्मगुरू जातात आणि मागून सैन्य येतं, असं म्हणतात. ते बोलणं हिदेयोशीच्या कानावर गेलं. १५३४मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांनी वसई घेतली, त्यानंतर आमच्याकडे जे घडलं ते त्या खलाशाच्या बढाईपेक्षा फार वेगळं नव्हतं. तलवार आणि क्रूस एकाच जहाजातून उतरले होते. देवळं पाडली गेली. गोव्यात १५६०पासून धर्मन्यायालय बसलं. गोन्सालो दुभाषी होते, त्यांचा त्यात हात नव्हता, पण ते ज्या किल्ल्यात वाढले तो याच राज्याचा होता. निशिझाकाच्या बागेत उभं राहून हुतात्म्यांचा अभिमान बाळगायचा, तर हे त्याच दमात मनात आणावं लागतं. त्याने तोमासचं किंवा लुईचं मरण लहान होत नाही. फादरांनी प्रार्थना केली. मीही केली, थोड्या जड मनाने.

तिथून दक्षिणेकडे जुनं शहर. नागासाकी बंदर म्हणून वसलं १५७१मध्ये, पोर्तुगीज जहाजांसाठी. गोव्याहून निघालेली जहाजं मकाव करून इथे यायची. काही दशकं हे जवळजवळ पूर्ण ख्रिस्ती शहर होतं. आज त्या काळातल्या चर्चपैकी एकही उभं नाही. शहरातलं सगळ्यात पहिलं चर्च होतं तिथे शुन्तोकुजी हे बौद्ध मंदिर आहे. सान्तो दोमिंगोचं चर्च होतं तिथे साकुरामाची प्राथमिक शाळा आहे. शाळा नव्याने बांधताना चर्चची दगडी फरसबंदी आणि फुलासारख्या क्रूसाचा छाप असलेली कौलं निघाली, ती तिथेच जपून ठेवली आहेत. पावलाखाली चर्च आणि वरच्या मजल्यावर मुलांचा गलका.

याच रस्त्यांवर १६१४च्या मे महिन्यात प्रार्थनेच्या मिरवणुका निघाल्या होत्या. धर्मबंदीचा हुकूम आला होता, चर्च पाडली जाणार हे कळलं होतं. शहर दिवसामागून दिवस रस्त्यावर उतरलं. हजारो माणसं, कोणी क्रूस खांद्यावर घेतलेली, कोणी स्वतःला आसूड मारून घेणारी. नोव्हेंबरमध्ये धर्मगुरूंना आणि कितीतरी जपानी ख्रिस्ती लोकांना मकाव-मनिलाच्या जहाजांवर चढवून हद्दपार केलं आणि चर्चवर घण पडले. आम्ही त्या भागातून जपमाळ म्हणत गेलो. आजूबाजूला दुकानं, शाळकरी मुलं, ट्रामची घंटा. आमच्याकडे कोणी वळूनही पाहिलं नाही.

त्यानंतर जे आलं ते मला या शहरातलं सगळ्यात अवघड पान वाटतं. सतराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात नागासाकीत फुमिए सुरू झालं: ख्रिस्ताची किंवा मारियेची प्रतिमा जमिनीवर ठेवायची आणि प्रत्येक माणसाने तिच्यावर पाय द्यायचा. १६६९मध्ये त्यासाठी २० पितळी प्रतिमा ओतून घेतल्या. पुढे हा दरवर्षी नव्या वर्षाच्या सुरुवातीचा सरकारी रिवाज झाला. घरोघरची माणसं, बायका, तान्ही मुलं. १८५७पर्यंत हे चाललं. ज्यांनी पाय द्यायला नकार दिला त्यांच्यातले बरेच मारले गेले. त्यांची नावं आपण वेदीवर ठेवतो. ज्यांनी पाय दिला त्यांचं काय?

त्यांनी पाय दिला, घरी आले, आणि पश्चात्तापाची प्रार्थना म्हटली. १६०३मध्ये जेझुइटांनी एक लहान पुस्तिका छापली होती: पापकबुली ऐकायला धर्मगुरू नसेल तर मनापासून पश्चात्ताप कसा करावा, हे सांगणारी. छापील प्रती नष्ट झाल्या. लोकांनी ती हाताने उतरवून घेतली, पाठ केली, मुलांना शिकवली. धर्मगुरू नाही, मिस्सा नाही, चर्च नाही. बाप्तिस्मा देणारा गावातलाच कोणीतरी. सणांच्या तारखांचा हिशेब ठेवणारा आणखी कोणी. अशी सुमारे अडीचशे वर्षं त्यांनी काढली. शुसाकु एंदो यांची 'सायलेन्स' ही कादंबरी ज्यांनी वाचली आहे त्यांना पाय देणाऱ्याचं दुःख माहीत आहे. मला त्याच्या पुढचं सांगायचं आहे. नागासाकीची श्रद्धा टिकली ती या पाय दिलेल्या माणसांमुळे. हुतात्म्यांना मूल होत नाही. त्या सव्विसांची प्रार्थना एकोणिसाव्या शतकापर्यंत पोचवली ती दरवर्षी अपराधी होऊन घरी परतणाऱ्या, आणि तरीही रात्री गुडघे टेकणाऱ्या बायकापुरुषांनी.

ओउरा इथे टेकडीवर पांढरं चर्च आहे. फ्रेंच धर्मगुरूंनी जपानमधल्या परदेशी लोकांसाठी बांधलं आणि त्या सव्वीस हुतात्म्यांना वाहिलं, म्हणजे गोन्सालोंनाही. १७ मार्च १८६५ला उराकामी गावातले दहा-पंधरा लोक तिथे चालत आले. फादर पेतिजाँ प्रार्थना करत होते. एक बाई त्यांच्याजवळ गेली आणि हळूच म्हणाली की आमचं हृदय तुमच्यासारखंच आहे. मग तिने विचारलं की सांता मारियेची मूर्ती कुठे आहे. ती मूर्ती आजही उजव्या बाजूच्या वेदीवर आहे, हातात बाळ येशू. मी तिथे बराच वेळ बसलो. आमच्यातल्या काकू मूर्तीसमोर उभ्या राहून मराठीत 'नमो मारिया' म्हणत होत्या, शब्द न शब्द स्पष्ट, वसईच्या घरात देव्हाऱ्यासमोर म्हणतात तशा.

ते उराकामीचे लोक त्या दिवशी पुन्हा चालतच घरी गेले. आम्हीही ओउराहून उराकामीला चालत गेलो, सुमारे सहा किलोमीटर, शहर ओलांडून उत्तरेला. पाय बोलायला लागले होते. एकमेकांना आधार देत, थांबत थांबत गेलो. त्यांचं घरी जाणं सुखाचं ठरलं नाही. दोन वर्षांत पकडापकडी सुरू झाली आणि १८६८पासून उराकामीच्या सुमारे ३,४०० लोकांना देशभरच्या वेगवेगळ्या संस्थानांत हद्दपार केलं गेलं. उपासमार, थंडी, छळ. सहाशेहून अधिक जण परत आले नाहीत. १८७३मध्ये बंदी उठली आणि उरलेले परतले. घरं पडलेली, शेतं गेलेली. थोडं सावरल्यावर त्यांनी एक जागा विकत घेतली: गावच्या पाटलाचा जुना वाडा. तिथेच वर्षानुवर्षं फुमिए होत असे. ज्या जमिनीवर त्यांच्या आजी-आजोबांनी मारियेच्या चेहऱ्यावर पाय दिला, तिथेच त्यांनी चर्च बांधायला घेतलं. १८९५मध्ये काम सुरू झालं, पैसा संपत राहिला, लोकांनी विटा वाहिल्या, १९१४मध्ये वास्तू पुरी झाली, मनोरे १९२५मध्ये.

वीस वर्षांनी, ९ ऑगस्ट १९४५ला सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी, त्या चर्चपासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर अणुबाँब फुटला. विमानाचं पहिलं लक्ष्य कोकुरा होतं. तिथे नीट दिसलं नाही म्हणून ते नागासाकीला वळलं, आणि बाँब शहराच्या मध्यभागाऐवजी उराकामीवर पडला. वर्षअखेरपर्यंत शहरात सुमारे ७४,००० माणसं मेली. उराकामीच्या बारा हजार ख्रिस्ती लोकांपैकी साडेआठ हजार गेले. त्या वेळी चर्चमध्ये पापनिवेदन चालू होतं. दोन धर्मगुरू आणि रांगेतली माणसं, कोणी वाचलं नाही.

चर्च १९५९मध्ये पुन्हा उभं राहिलं. बाजूच्या उतारावर जुन्या मनोऱ्याचा घुमट पडला तसाच ठेवला आहे, अर्धा मातीत रुतलेला, काँक्रीटचा प्रचंड गोळा. समोर संतांच्या दगडी मूर्ती आहेत. काहींचे चेहरे काळवंडलेले, काहींना डोकीच नाहीत. आत एका लहान चॅपलमध्ये मारियेच्या लाकडी मूर्तीचं फक्त डोकं आहे. डोळ्यांच्या जागी जळून पडलेल्या खाचा आहेत. मी तिच्यासमोर प्रार्थना म्हणायचा प्रयत्न केला आणि मधेच थांबलो.

डॉक्टर नागाइ ताकाशी इथलेच. क्ष-किरणतज्ज्ञ, बाँबच्या आधीच रक्ताच्या कर्करोगाचं निदान झालेलं. पत्नी मिदोरी उराकामीच्या गुप्त ख्रिस्ती पुढाऱ्यांच्या घराण्यातली. जळून गेलेल्या घरात त्यांना तिची हाडं सापडली आणि जवळ वितळलेली जपमाळ. २३ नोव्हेंबर १९४५ला भग्न चर्चसमोर मृतांसाठी मिस्सा झाली, तेव्हा नागाइ बोलले: उराकामी हे युद्ध थांबवण्यासाठी देवाला वाहिलेलं होमार्पण होतं, असा त्यांच्या बोलण्याचा आशय. त्यावर जपानमध्ये आजही वाद आहे. मला ते पटत नाही. बाँब देवाने टाकला नाही, माणसांनी टाकला, आणि त्याचा जाब माणसांनीच द्यायचा आहे. पण समोर कोण बसलं होतं तेही मी विसरू शकत नाही: घरातलं एकुलतं एक उरलेलं माणूस म्हणून आलेली शेकडो माणसं. 'तुमची माणसं फुकट मेली' हे वाक्य त्यांना कोणी सांगायचं? नागाइंना ते सांगता आलं नाही. पुढे ते दोन चटयांच्या झोपडीत अंथरुणाला खिळून लिहीत राहिले, १९५१मध्ये वारले. ती झोपडी चर्चपासून थोड्या चालीवर आहे. तिच्या खिडकीतून आत वाकून पाहिलं तर एका माणसाने आडवं होण्याइतकीच जागा.

चर्चच्या दोन घंटांपैकी एक ढिगाऱ्यात सापडली आणि १९४५च्या नाताळच्या आदल्या रात्री ती वाजवली गेली. दुसरी फुटली होती. तिच्या जागी नवी घंटा अमेरिकेतल्या कॅथलिक लोकांनी वर्गणी काढून दिली. ज्या देशाचा बाँब, त्याच देशातली माणसं. ९ ऑगस्ट २०२५ला ११ वाजून २ मिनिटांनी दोन्ही मनोऱ्यांतल्या घंटा ८० वर्षांनी एकत्र वाजल्या. पैसे देणाऱ्यांपैकी बहुतेकांचा १९४५मध्ये जन्मही झाला नसेल. तरी त्यांनी ते आपलं मानलं.

त्या संध्याकाळी फादरांनी आम्हाला फुमिएच्या त्या जागेवर, म्हणजे चर्चच्या अंगणात, मराठीतली पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायला सांगितली. लहानपणापासून पाठ आहे ती. पापनिवेदनाच्या लाकडी जाळीआड घाईघाईने म्हणून मोकळं व्हायची सवय. तिथे ती सावकाश म्हटली. प्रत्येकाच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही. माझ्या मनात वसईचा किल्ला होता.

परतीच्या प्रवासात यावर आमचं बरंच बोलणं झालं आणि आता ते ठरल्यासारखं आहे. येत्या सणाच्या आठवड्यात किल्ल्यात चालत प्रार्थना करायची. जमिनीच्या दरवाजातून आत शिरायचं. सात चर्चचे अवशेष आहेत, प्रत्येकापाशी थांबायचं: सेंट जोसेफच्या मनोऱ्याखाली, फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये जिथे पोर्तुगीज अक्षरं कोरलेल्या थडग्यांवरूनच चालावं लागतं तिथे, जेझुइटांच्या दाराशी जिथे पोरगा गोन्सालो शिकला. पण नागेश्वराच्या आणि वज्रेश्वरीच्या देवळासमोरही थांबायचं, पाडलेल्या देवळांची आठवण करून क्षमा मागायची. चिमाजी अप्पांच्या स्मारकाशी १७३९च्या लढाईत दोन्ही बाजूंनी मेलेल्यांसाठी जपमाळेचं एक दशक म्हणायचं. एक-दोन जणांनी नाराजी बोलून दाखवली आहे, सणाच्या दिवसांत हे कशाला म्हणून. फादर त्यांच्या घरी जाऊन बोलणार आहेत. देवळांच्या विश्वस्तांनाही आधी भेटून विचारायचं आहे, आणि सुरुवात सकाळी सातला, उन्हं चढायच्या आत, कारण काकूंनी आत्ताच सांगून ठेवलंय की त्या संपूर्ण वाट पायी चालणार.